सर म्हणतात नवीन टूलमध्येच करायचं, मी काय करू?

पत्र: दादा, मी मूळची सांगलीकडची, पुण्यात एका छोट्या कंपनीत चार वर्षं लारावेलवर (पीएचपी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) काम करतेय. आम्हाला दूध संस्थांच्या एका ग्रुपचं काम मिळालंय. साधारण ४५ संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दुधाची एंट्री, दहा दिवसांनी बिल. सरांनी कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि आता म्हणतात की नेक्स्ट जेएस (वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क), सुपाबेस (तयार डेटाबेस सर्व्हिस) आणि एआय टूल लावून पंधरा दिवसात उडवून टाकू. टीममधला एकजण फायरबेस (गुगलची तशीच सर्व्हिस) म्हणतो, दुसरा फ्लटर (मोबाइल अ‍ॅप बनवायचं टूल). मी रात्री बसून बन, डेनो, स्वेल्ट असलं जावास्क्रिप्टच्या नव्या टूलांचं काय काय वाचते आणि अजूनच गोंधळते. त्यात केंद्रांवर नेटवर्क धड नसतं ही वेगळीच भानगड. मला फक्त लारावेल येतं म्हणजे मी मागे पडले का? आणि सरांना काय सांगू? – गोंधळलेली लारावेलवाली

अगं, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू अशी जाता जाता लिहिलीस आणि वर तिला वेगळी भानगड म्हणतेस! केंद्रांवर नेटवर्क नसणं हाच तुझा प्रोजेक्ट आहे, बाकी सगळं फॉर्म आणि रिपोर्ट. सकाळी सहाला लाइन लागलेली असते, सचिव एका हाताने माप घेतोय, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आलंय, आणि फोनवर ते गोल चक्र फिरतंय. लोकांना पुढे कामावर जायचंय, मुलांना शाळेत सोडायचंय, कोणी थांबत नाही. सचिव दोन मिनिटं वाट बघेल आणि गपचूप वही काढेल, आणि एकदा वही बाहेर आली की तुमचं अ‍ॅप कितीही भारी टूलमध्ये बनवलेलं असू दे, ते संपलं.

म्हणून आता सरांचं, फायरबेसवाल्याचं, फ्लटरवाल्याचं, सगळ्यांचं म्हणणं याच एका कसोटीवर बघू. आणि जोडीला दुसरी कसोटी, ती मी कुठल्याही नवीन टूलला लावतोच: यातून बाहेर कसं पडायचं. भाड्याचं घर घेताना डिपॉझिट परत कधी मिळणार हे आपण सामान टाकायच्या आधी विचारतो ना, तसंच.

सरांचा सुपाबेस मला आवडतो, खोटं कशाला बोलू. २०२० मध्ये सुरू झालं, आत सरळ पोस्टग्रेस डेटाबेस आहे, लॉगिन, फाइल स्टोरेज, एपीआय (अ‍ॅपने डेटा मागायचा-पाठवायचा रस्ता) सगळं तयार मिळतं, मुंबईचा सर्व्हर निवडता येतो. बाहेर पडायचा रस्ता पण मोकळा आहे, पीजी डंप, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची प्रत, काढायचा आणि स्वतःच्या सर्व्हरवर चढवायचा, टेबलं त्याच टेबलांसारखी राहतात, फक्त लॉगिन आणि फाइलींचा भाग थोडा घासावा लागतो. पण ऑफलाइनसाठी त्यात आपोआप काहीच मिळत नाही, नेट गेलं की एपीआय गेलं. आणि दोन गोष्टी त्या व्हिडिओत बहुतेक सांगितलेल्या नसतील. एक, फ्री प्लॅनमधला प्रोजेक्ट आठवडाभर वापरला नाही की पॉज होतो, म्हणजे डेमो दाखवून तुम्ही गेलात, क्लायंटने दहा दिवसांनी उघडलं आणि समोर काहीच नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सुपाबेसची पब्लिक की ब्राउझरमध्येच असते, ती कोणीही बघू शकतो, आणि तसंच डिझाइन आहे ते. कोणाला कुठली ओळ दिसायची हे पोस्टग्रेसच्या रो लेव्हल सिक्युरिटीने ठरतं. ती लावायची राहिली की हजारो सभासदांचे बँक खाते नंबर उघड्यावर. आपल्याकडे आता २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यामुळे चुकून राहिलं म्हणून सुटता येणार नाही.

नेक्स्ट जेएसचं मात्र मला या कामात कारणच दिसत नाही. त्याची ताकद सर्व्हरवर पान तयार करून पटकन दाखवण्यात आहे, गुगलने वाचावं अशी साइट असेल तर उत्तम. सचिवाच्या एंट्री स्क्रीनला गुगलने कशाला वाचायचं? उलट जे वापरणार नाही त्याची देखभाल मात्र करत बसावी लागते. डिसेंबर २०२५ मध्ये, नेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये जे भोक सापडलं त्याला गंभीरतेचे १० पैकी १० मार्क मिळाले, लॉगिन न करता सर्व्हरवर कोड चालवता येत होता, आणि नेक्स्टवाले सगळे घाईघाईत अपडेट करत बसले. टूल वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण पाच माणसांच्या कंपनीत असा रात्रीचा अपडेट कोणाच्या गळ्यात पडणार हे तुला मी सांगायला नको.

आता फायरबेस. गंमत म्हणजे ऑफलाइनच्या बाबतीत हाच सगळ्यात तयारीचा आहे. फायरस्टोअरमध्ये, म्हणजे फायरबेसच्या डेटाबेसमध्ये, अँड्रॉइडवर ऑफलाइन साठवण आपोआप चालू असते (वेबवर मुद्दाम चालू करावी लागते), नेट आलं की राहिलेल्या नोंदी वर जातात. फक्त ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्र, झाले तर सगळे नाहीतर एकही नाही) ऑफलाइन चालत नाहीत, आणि सेव्हच्या पुढे अवेट लावलं तर सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत कोड तिथेच लटकतो, नवीन पोरं इथे हमखास अडकतात. पण खरी अडचण हिशोबाची आहे. जरा आकडे मांडू. ४५ केंद्रं, केंद्राला दीडशे सभासद धर, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १३,५०० नोंदी. फायरस्टोअरचा फुकटचा कोटा रोज २०,००० राइट आणि ५०,००० रीडचा आहे, म्हणजे लिहिणं आरामात बसतं. पण दहा दिवसांचं बिल काढायला १,३५,००० नोंदी वाचायच्या, एकदा. मग कोणीतरी म्हणणार कपात चुकली, परत काढा. मग अध्यक्षांना डॅशबोर्ड पाहिजे. पैसे फार लागतात असं नाही, पण दर वाचनाला मीटर पडतं हे डोक्यात ठेवून रिपोर्ट लिहावे लागतात, आणि दूध संस्थेचं अर्धं काम रिपोर्टच असतं. पशुखाद्याची कपात, अ‍ॅडव्हान्स, बोनस, गाय वेगळी म्हैस वेगळी. हे सगळं एसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेससारख्या टेबलांच्या डेटाबेसची भाषा) चार ओळीत होतं, फायरस्टोअरसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये फिरून फिरून करावं लागतं. आणि तिथून पोस्टग्रेसवर यायचं म्हणजे सगळी रचनाच नव्याने मांडायची.

बाहेर पडायचा रस्ता बघ असं मी जे सारखं म्हणतोय ते उगाच घाबरवायला नाही. मोबाइलमधल्या रेडीमेड सर्व्हिसचा इतिहासच असा आहे. पार्स नावाची सर्व्हिस होती, त्या काळातली सगळ्यांची लाडकी. २०१३ मध्ये फेसबुकने घेतली, जानेवारी २०१६ मध्ये सांगितलं की बंद करतोय, जानेवारी २०१७ मध्ये बंद. त्यातल्या त्यात बरं की सर्व्हरचा कोड ओपन सोर्स केला आणि वर्षभर वेळ दिला. त्याच्यापेक्षा तुझ्या कामाला जवळचं उदाहरण रिल्मचं. फोनवर डेटा ठेवायचा आणि नेट आलं की आपोआप सिंक करायचा, म्हणजे अगदी तुला पाहिजे तेच. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१९ मध्ये रिल्म विकत घेतली, वर अ‍ॅटलस डिव्हाइस सिंक अशी सर्व्हिस बांधली, लोकांनी त्यावर अख्खी अ‍ॅप्स उभी केली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मोंगोने जाहीर केलं की वर्षभरात बंद. फोनवरचा डेटाबेस ओपन सोर्स आहे, तो राहिला, पण सिंक गेलं, आणि ज्यांनी सिंक कसं चालतं हे कधी समजूनच घेतलं नव्हतं त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला.

तेव्हा मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं? मागे तुझं लारावेलच, डेटाबेस पोस्टग्रेस (मायएसक्यूएलवर हात बसलेला असेल तर तेही चालेल, त्यावरून भांडण नको), आणि फोनवर फ्लटर आणि एसक्यूलाइट (फोनमध्येच राहणारा छोटा डेटाबेस). हो, फ्लटरवाल्याचं बरोबर आहे, फक्त त्याने कारण चुकीचं दिलं असणार. फ्लटर इथे छान दिसतं म्हणून घ्यायचं नाही, तर फोनवरचा डेटाबेस पक्का आपल्या ताब्यात राहतो आणि ब्लूटूथ प्रिंटर, मशीन वगैरे जोडायला सोपं जातं म्हणून. ब्राउझरमध्ये पण हल्ली बरंच होतं, नेट नसताना पान चालवणारा सर्व्हिस वर्कर, डेटा साठवणारं इंडेक्स्डडीबी, अगदी डेस्कटॉप क्रोममध्ये २०२१ पासून वेब सिरियल आहे, म्हणजे केंद्रावर पीसी असेल तर मशीनची केबल थेट वेब पानाशी बोलू शकते, हे मला अजून भारी वाटतं. पण फोनवरचा ब्राउझर जागा कमी पडली की साठवलेलं उडवू शकतो, आणि सचिवाच्या फोनमध्ये जागा कायम कमीच असते, लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगने भरलेला.

सिंकसाठी तयार टूलं आहेत. लोकल-फर्स्ट या नावाने २०१९ पासून एक मोठी चळवळच चालू आहे, डेटा आधी आपल्या फोनवर, सर्व्हर नंतर. पॉवरसिंक आहे, इलेक्ट्रिक आहे, पोस्टग्रेसमधला डेटा फोनपर्यंत आणतात. वाच त्याबद्दल, कल्पना खरंच सुंदर आहेत. पण इलेक्ट्रिकने २०२४ मध्ये जवळजवळ सगळं नव्याने लिहिलं आणि आता ते फक्त सर्व्हरकडून फोनकडे येणारी बाजू बघतात, लिहायची बाजू तुमची तुम्ही करा म्हणतात. त्यांच्या दृष्टीने योग्यच निर्णय असेल, पण आधीच्या आवृत्तीवर ज्याने क्लायंटचं काम उभं केलं असेल त्याचं काय.

आणि मुख्य म्हणजे तुला एवढं अवघड सिंक लागतच नाही! ही टूलं ज्या प्रश्नासाठी आहेत तो म्हणजे दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच वेळी ऑफलाइन बदलली तर कोणाचं खरं. तुझ्याकडे प्रत्येक केंद्र फक्त स्वतःच्या नोंदी लिहितं. दुसऱ्या केंद्राची नोंद कोणी बदलत नाही. मग भांडण होणार कुठे? एंट्री चुकली तर जुनी ओळ बदलायची नाही, दुरुस्तीची नवीन ओळ टाकायची, वहीत लाल पेनाने करतात तसंच. एवढं पाळलंस की सिंक म्हणजे फक्त न गेलेल्या नोंदींची रांग, नेट आलं की लारावेलला पाठवायची, पोच आली की खूण करायची.

यात डोकं लावायच्या जागा वेगळ्या आहेत आणि त्या कुठल्याच टूलमध्ये तयार मिळत नाहीत. नोंदीचा आयडी फोनवरच बनव, यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा लांब नंबर), आणि सर्व्हरवर त्याला युनिक लाव, कारण अर्धवट नेटमध्ये नोंद वर पोचते पण पोच खाली येत नाही, फोन परत पाठवतो आणि एकाच म्हशीचं दूध दोनदा चढतं. यूयूआयडीचा सातवा प्रकार घे, वेळेनुसार क्रमाने येतो त्यामुळे इंडेक्स (डेटाबेसची पटकन शोधायची सूची) नीट राहतो, नव्या लारावेलमध्ये आहे आणि पोस्टग्रेस १८ मध्ये तर फंक्शनच दिलंय. फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवू नको, सकाळ की संध्याकाळ हे वेगळं साठव. पैसे पैशात साठव, पूर्णांकात, फ्लोटमध्ये (दशांशाचा अंदाजे आकडा) अजिबात नाही, दहा दिवसांच्या बिलात सात पैशांचा फरक आला तरी सभासद येऊन विचारतो आणि त्याचं बरोबरच असतं. आणि सगळ्यात वाईट खड्डा म्हणजे दरपत्रक. दर बदलला, उद्या सकाळपासून लागू, आणि एका केंद्राला दोन दिवस नेटच नाही, त्यांनी जुन्या दराने पावत्या फाडल्या. आता खरं काय, पावती की नवीन दर? हे तू ठरवायचं नाहीस, सरांनीही नाही, हे संस्थेला आत्ताच विचारून लिहून घ्यायचं. दरपत्रकाला आवृत्ती नंबर दे आणि प्रत्येक नोंदीत कुठल्या आवृत्तीने दर लागला तो ठेव, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी हिशोब करता येतो.

आता एआय. वापर की, नको कोण म्हणतंय. लारावेलचे मायग्रेशन (टेबलं बनवायचा कोड), फ्लटरच्या स्क्रीन, टेस्ट, हे सगळं पटापट लिहून देतं, आठवड्याचं काम दोन दिवसात येतं हे खरं आहे. प्रोग्रामरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटच्या २०२५ च्या सर्व्हेत ८४ टक्के लोक म्हणाले की वापरतो किंवा वापरणार आहोत, आणि त्याच सर्व्हेत त्याच्या उत्तरावर विश्वास नाही म्हणणारे विश्वास आहे म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले, ४६ आणि ३३. दोन्ही आकडे मला पटतात. वर जे मी दरपत्रकाचं सांगितलं ते एआय स्वतःहून विचारेलच असं नाही, तू सांगितलंस तर सुरेख लिहून देईल. आणि ते सुचवतं ते पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) टाकायच्या आधी खरंच आहे का, कोण सांभाळतंय, शेवटचा बदल कधीचा हे बघ, कधी कधी नसलेलं नावही ते ठोकून देतं आणि तशा नावांनी घाण पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक आणि डीबग सारखी जगभर वापरली जाणारी एनपीएमवरची (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) खरी पॅकेजं एका फिशिंग मेलमुळे बिघडवली गेली होती, मग नवख्या पॅकेजचं काय सांगावं.

बन, डेनो, स्वेल्ट वगैरे रात्रीचं वाचन बंद कर असं नाही म्हणणार, पण झोपून घे आधी. यातल्या चांगल्या कल्पना थांबलीस तरी तुझ्यापर्यंत येतात. डेनोने टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचीच जरा कडक आवृत्ती) थेट चालवायची सोय आणली, २०२५ च्या सुरुवातीला नोडने (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं जुनं टूल) तीच सोय आपल्यात घेतली. उलट डेनो एनपीएम नको म्हणून निघाला होता, ऑक्टोबर २०२४ मधल्या डेनो २ मध्ये एनपीएमला पूर्ण जागा दिली. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप (रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट सुरू करून देणारं टूल) एकेकाळी प्रत्येक कोर्सचा पहिला धडा होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टवाल्यांनीच ते निवृत्त केलं. आणि व्हीट, पानाचा जावास्क्रिप्ट कोड बांधून देणारं टूल, ज्याची सगळीकडे चर्चा, ते २०२२ पासून लारावेलमध्येच येतंय, तू ते रोज चालवतेस फक्त नाव घेत नाहीस.

मागे पडलीस का? सर्व्हरची भाषा माहीत असलेल्या वेबसाइट्सपैकी ७० टक्क्यांहून जास्त अजून पीएचपीवर आहेत, त्यातलं बरंचसं वर्डप्रेस असलं तरी. लारावेलवाल्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःचा क्लाउड काढला, म्हणजे नवीन गोष्टी तुझ्या बाजूलाही चालूच आहेत. मला खरी काळजी वेगळी वाटते, चार वर्षं एलोक्वंटमधूनच (लारावेलचा डेटाबेस हाताळणारा भाग) डेटाबेस बघितला असशील तर खालचं एसक्यूएल किती येतं? एक्सप्लेन चालवून क्वेरी का अडकली हे सांगता येतं का? इंडेक्स कुठे लावायचा, ट्रान्झॅक्शन कुठे उघडायचं? हे जमत नसेल तर पुढचे सहा महिने तेच कर, आणि या प्रोजेक्टच्या निमित्ताने फ्लटर होऊन जाईल. टाइपस्क्रिप्ट जमेल तसं. बाकीचं यादीत राहू दे. हां, एक अजून, वेळ मिळाला तर फ्रॅपे हे फ्रेमवर्क आणि त्यावरचं हिशोब-स्टॉकचं सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट बघून ठेव, मुंबईत बनलेलं आणि पूर्ण ओपन सोर्स, संस्थेने उद्या अख्खी खतावणी आणि स्टॉकही मागितला (मागणारच) तर सगळं शून्यापासून लिहायची गरज नाही.

सरांपुढे जाऊन सुपाबेस नको असं म्हणू नको, मग ते इज्जतीवर घेतील. पोस्टग्रेस तुम्ही म्हणता त्याच सुपाबेसवर ठेवू म्हण, लारावेल त्याला आरामात जोडता येतं, त्यांचाही मान राहतो आणि बाहेर पडायचा रस्ताही राहतो. फक्त मग फोन थेट सुपाबेसशी बोलणार नाही, लारावेलमधूनच बोलेल, आणि सुपाबेसचा तो आपोआप मिळणारा एपीआय बंद करून टाक. पंधरा दिवसांवरूनही वाद नको घालू. पंधरा दिवसात दोन केंद्रं चालू करून दाखवते म्हण, एक गावातलं आणि एक सगळ्यात वाईट नेटवर्कचं, आणि तिथे वही आणि अ‍ॅप दोन्ही एक पूर्ण बिल निघेपर्यंत बरोबरीने चालू देत. दोन्हीकडची बेरीज जुळली की बाकीची त्रेचाळीस. सरांना घेऊन त्या दुसऱ्या केंद्रावर एकदा पहाटे जाता आलं तर फारच उत्तम, मी कितीही लिहिलं तरी तिथे दहा मिनिटं उभं राहिल्यावर जे पटतं ते पटतं.

आणि सुपाबेस असो, प्ले स्टोअर असो, एसएमएसचं असो, सगळी अकाउंट संस्थेच्या किंवा कंपनीच्या ईमेलवर उघडायला लाव, पहिल्याच दिवशी. छोट्या कंपन्यांत हे सगळं कोणाच्या तरी स्वतःच्या जीमेलवर पटकन उघडलं जातं आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतंय की ते जीमेल तुझंच असणार आहे.